गॅस हरणाबाईंच्या नावावर

कराड, ५ जून

आत्या, पाया पडते.

ही चिठ्ठी परड्यात जाऊन वाच. आबांनी विचारलं, रिकाम्या डब्यात कागद कसला, तर म्हण भाकरीला गुंडाळलेला होता. फोनवर बोलायची सोयच नाही. घरात फोन एक, तो आबांचा, आणि ते स्पीकर लावून असे बोलतात की पलीकडच्या रानातली माणसं मधेच उत्तर देतात. तेव्हा तू सकाळच्या एसटीनं डबा पाठवायचा, मी संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत धाडायचा, आणि आपल्या दोघींचं बोलणं त्यातनं. धुळामामा कंडक्टर आहेत तोवर भीती नाही. ते डब्यातली चटणी उघडून बघतील, चिठ्ठी नाही.

तर जागा मिळाली! दुसरा मजला, एक खोली, स्वैपाकघर आणि छोटी गॅलरी. घरमालक चांदसाहेब तांबोळी खालच्याच मजल्यावर राहतात. पण ते एकट्या मुलीला जागा देत नाहीत. 'फॅमिली पायजे, घरात एक मोठं माणूस पायजे,' म्हणाले. माझ्या तोंडातनं निघून गेलं, 'आहे की, माझी आत्या राहणार आहे.' ते खूश झाले आणि त्यांनी करारनामा तुझ्याच नावानं केला. कागद डब्याच्या पिशवीत तळाला आहे. सही करून पाठव. आणि तुझं एक लुगडं पाठव गॅलरीत वाळत घालायला, चपला पाठव दारात ठेवायला.

हसू नकोस. आबांची अट तुझ्यासमोरच झालीय. बैलांचा सण बेंदूर झाला की रविवारी ते स्वतः बघायला येणार. लाईट, पाणी, गॅस, तिन्ही चालू दिसलं तर मी इथं राहायचं. नाहीतर गाठोडं बांधायचं, नोकरी सोडायची आणि त्या कोरेगावच्या स्थळाला हो म्हणायचं. लॅब साडेसहाला उघडते, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं त्याआधीपासून पायरीवर बसलेली असतात, आणि आपली पहिली गाडी आठशिवाय कराडात पोचत नाही, हे त्यांना दहादा सांगितलं. फौजेतनं आलेल्या आमच्या हवालदारसाहेबांचं एकच, 'ऑर्डर इज ऑर्डर.'

बाकी इथं झकास आहे. लाईट आहे, पाणी आहे. काळजी करू नकोस.

तुझी शिवांजली

•

भैरोबावाडी, ७ जून

शिवे, लय आशीर्वाद.

तुजी चिठ्ठी परड्यात शेळीपुढं बसून वाचली. कोपरा तिनं खाल्ला, बाकीचं मी वाचलं.

आगं भवाने, मला न इचारता मला कराडला न्हेऊन ठिवलंस व्हय? आन् वर सई मागतीस? केली सई. झ्याक आली. हिरवं लुगडं धाडलंय. चपला बाजारातनं नव्या घेतल्या. जुन्या माज्या पायात ऱ्हाऊ द्यात, नव्या तुज्या दारात ठिव. तुजी आत्या जरा ऐटीत हाय आसं वाटू दे लोकास्नी.

लाईट हाय म्हणतीस आन् कागदावर मेणाचा ठिपका पडलाय. मेणबत्ती काय वाढदिवसाची लावली हुतीस? तुजी आई गेली तवापासनं तुला मी वाढवलीय, तुजं खोटं मला वासावर कळतंय. खरं काय ते लिव.

आन् एक ध्यानात ठिव. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं. पातेलं काठोकाठ भरून गॅसवर ठिवायचं, आन् उतू जाईपतूर हात लावायचा न्हाई. त्यानं घरात बरकत ऱ्हाती. त्याच्या आधी काय शिजवू नगंस. तवर डबा हायच.

तुजी आत्या

•

कराड, १४ जून

आत्या,

मेणाचा ठिपका खरा. चार रात्री अंधारात काढल्या.

चांदचाचा म्हणाले होते, 'खाली मीटरपाशी जाऊन बटण वर करा, झालं.' खाली बघते तर मीटरची रांग, आणि त्यावरचे नंबर पावसानं कधीचे धुऊन गेलेले. म्हटलं एकेक करून बघू. पहिलं खाली केलं तर वरनं कुणीतरी बोंबललं, 'लाईट गेली!' ते वर केलं, दुसरं खाली केलं. चाचांचा टीव्ही बंद पडला, शेवटच्या ओव्हरला. ते बनियनवरच जिन्यात आले आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागले. मी पण त्यांच्यात मिसळून चार शिव्या घातल्या. काय करणार!

शेवटी माझं मीटर सापडलं तर त्यात फ्यूजच नव्हती. मग चाचा डोकं खाजवत म्हणाले, 'ती मीच काढून नेली होती, गेल्या दिवाळीत आमची उडाली तेव्हा.' आता लाईट आहे. खरंच आहे. कागद तपासून बघ.

पाणी पहाटे येतं. तेवढ्यात मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरायची आणि मोटर बंद करायची. पहिल्या दिवशी मी लावली आणि तशीच लॅबला गेले. टाकी वाहून गच्चीवर तळं झालं, आणि त्या तळ्यात चांदचाचांच्या बायकोचे, म्हणजे रशीदाचाचींचे, वाळत घातलेले गहू. मी रडकुंडीला आले. चाची नुसतं म्हणाल्या, 'धुवायचेच होते गं.' मला त्या फार आवडल्या.

आणि खूश हो, दूध पण उतू घातलं! माझ्या गॅसला अजून वेळ आहे, म्हणून चाचींच्या शेगडीवर ठेवलं. मस्त फसफसून गेलं.

शिवांजली

•

भैरोबावाडी, १५ जून

आगं खुळे!

दूध तिच्या शेगडीवर उतू घातलंस? मंग बरकत कुणाच्या घरात ग्येली? आपलं दूध, आपलं पातेलं, आन् भरभराट तांबोळ्यांची! बारावीला इतकं मार्क पडलं त्ये कशाला पडलं म्हंते मी!

माणसं चांगली असत्याल, माजं त्यांच्याशी काय वाकडं न्हाई. पर बरकत म्हंजी काय वाटीभर साखर हाय व्हय, उसनी दिली आन् परत मागितली? आता त्यांच्या घरात काय काय बरं हुतंय त्येच्यावर नजर ठिव आन् मला कळीव.

तुजा गॅस कवा येणार? त्ये लिवलंच न्हाईस. तुजा बाप रोज कॅलिंडरापुढं हुबा ऱ्हातूय. कोरेगावच्यांना त्यानं बेंदरानंतरच्या सोमवारचा सांगावा धाडलाय. मला काल कळलं. तुला सांगू नगं म्हणाला, म्हणून लिवलंय.

पिशवीत शेंगाची चटणी हाय. धुळाला त्यातली देऊ नगंस, त्याला येगळी बांधून दिलीय.

आत्या

•

कराड, २२ जून

आत्या,

सोमवारचं वाचून रात्री झोप नाही आली. मला इथंच राहायचंय गं. मला शिरा सापडतात. दोन वर्षांच्या बाळाचं रक्त काढलं काल, ते रडलंसुद्धा नाही, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आता लहान मुलांचं शिवांजलीच बघेल. हे सोडून मी कोरेगावात जाऊन कुणाचा चहा गाळू?

आता ऐक, तुझं म्हणणं खरं व्हायला लागलंय. दूध उतू गेल्यापासून चाचींच्या मुलाला, शाहरुखला, लोणंदच्या कंपनीत नोकरी लागली. दोन वर्षं हिंडत होता. चाचांचा गुडघा दुखायचा थांबला. मी हसत हसत चाचींना तुझं सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या गंभीर झाल्या, विचार केला आणि म्हणाल्या, 'मग रविवारी आणखी एक पातेलं ठेवूया का? आमच्या जीनतचं जमायचं राहिलंय.'

पण दोन भानगडी झाल्यात. पहिली, तुझं लुगडं. मी ते रोज सकाळी वाळत घालते आणि रात्री काढते. काल चाचींनी विचारलं, 'तुझी आत्या रोज तेच लुगडं धुते, मग नेसते काय?' मी म्हटलं, तिला हिरवा रंग फार आवडतो, तसली चार आहेत. त्या 'हो का' म्हणून हसत खाली गेल्या.

दुसरी भानगड मोठी. करार तुझ्या नावानं, म्हणून गॅसचं कनेक्शनही तुझ्याच नावानं निघणार, आणि गॅसवाले म्हणतात बाई स्वतः हजर पाहिजेत. अंगठा लागतो. आत्या, एक दिवस येशील? आबांना काय सांगायचं ते तू बघ. तुझ्याइतकं मला जमत नाही.

शिवांजली

•

भैरोबावाडी, २८ जून

शिवे,

सुखरूप पोचले. तुज्या बापाला सांगितलं हुतं, डोळं दाखवायला चालले. त्यानं लगेच गाडीत बसवून दिलं, वर म्हणाला, 'आक्का, चष्मा चांगला घे.' मला जरा वाईट वाटलं.

त्या गॅसच्या हापिसात काय झालं त्ये तू लॅबला पळालीस म्हणून तुला कळलंच न्हाई. त्या पोरानं माजा अंगठा मशिनीवर ठिवला. मशीन म्हणती, वळखत न्हाई. दुसरा ठिवला. न्हाई. दाही बोटं झाली. जन्मभर उसाचं पाचट सोललं, भांडी घासली, त्यात रेघा कुठं ऱ्हात्यात? पोरगं म्हणालं, 'आज्जे, तुमचं ठसंच न्हाईत.' मी म्हटलं, मंग मी हाय का न्हाई त्ये तरी बघ बाबा.

मंग त्यानं मोबाईल माज्या तोंडापुढं धरला आन् म्हणतंय, 'डोळं मिचकवा.' आगं, भर हापिसात! मी म्हटलं, मेल्या, तुज्या आयच्या वयाची हाय मी, मुस्काटात दीन! तवर मागची माणसं हसाय लागली. मंग कळलं, सरकारचाच तसा नेम हाय, डोळं मिटून उघडलं की माणूस जिवंत धरत्यात. मंग मिचकवलं. पैल्यांदा जमलं न्हाई, दुसऱ्यांदा लय झ्याक जमलं. म्हंजी बघ, तुज्या बापाला मी काय खोटं बोलले न्हाई. डोळंच दाखवून आले.

तुजी रशीदा बी बिलंदर हाय. चा प्यायला बसवलं आन् म्हणाली, 'आत्या, तुमच्या दारातल्या चपला तीन आठवडे झाले तरी कोऱ्या करकरीत. तुम्ही हवेत चालता का?' मला हसू दाबंना. समदं सांगून टाकलं. तिला पैल्या आठवड्यातच कळलं हुतं. चांदसाहेबास्नी बोलली न्हाई, कारण पोरगी चांगली हाय म्हणाली. आमी दोघी डोळ्यात पाणी येईपतूर हसलो.

तुजी जागा बघितली. मोरीतला नळ हुबं ऱ्हाऊन भांडी घासता येत्याल आसा हाय, कंबर वाकवायला नगं. दुपारी गॅलरीत वाईच टेकले तर डोळा लागला. कुणी चा मागितला न्हाई.

आत्या

•

कराड, ४ जुलै

आत्या,

गॅस आला! बाराच्या सुमाराला सिलिंडरवाला आला आणि जिन्याखालनं ओरडला, 'हरणाबाई कोण? हरणाबाईंचा गॅस!' सगळ्या मजल्यांवरनं बायका डोकावल्या. मी वरनं ओरडले, 'आहेत, झोपल्यात.' शेगडी जोडली, पेटवून बघितली, निळी जोत आली. दूध मात्र अजून ठेवलं नाही. तुझ्या शिव्यांची धास्ती घेतलीय.

आता तिन्ही झालं. रविवारी आबांनी काय बघायचं ते बघावं. तेव्हा तू आता आराम कर. त्या दिवशी तुझी फारच दगदग झाली. तुझ्या चिठ्ठीवरनं कळलं की तू दमून गॅलरीतच झोपलीस. परत तुला एवढा त्रास देणार नाही, शपथ. पुढचं मी एकटी निभावते. लुगडं आणि चपला पण आता परत पाठवते, चाचींना माहीतच आहे तर नाटक कशाला?

तुझ्याशिवाय हे झालं नसतं. तू मला कधीच नाही म्हणत नाहीस, म्हणून मला रडू येतं मधनंच.

तुझी शिवी

•

भैरोबावाडी, ८ जुलै

शिवे,

लुगडं आन् चपला परत धाडू नगंस.

उद्या बेंदूर. बैलांची शिंगं रंगवून झाली, पुरणाची डाळ भिजत घातली, आन् हिथं बसून लिवतीया. तू लिवलंस त्ये मी परत परत वाचलं. सिलिंडरवाला काय ओरडला त्ये.

मी पंचविशीत कुंकू पुसून हिथं आले. तुज्या बापानं, आकारामनं, मला कवा दुखावलं न्हाई, खोटं का बोलू! ताटात कवा कमी पडलं न्हाई. पर मी ह्या घरात आक्का हाय, आत्या हाय, हवालदाराची भन हाय. लाईट आकारामची, मोटर आकारामची, गॅस आकारामचा. हरणाबाई कोण, आसं कुणी इचारलंच न्हाई. इचारलं आन् तू सांगितलंस झोपल्यात! माज्या नावाचा गॅस दारात आला आन् मी झोपल्याली?

तवा आता नीट ऐक. ती शेगडी माजी हाय. माज्या शेगडीवर पैलं दूध मीच उतू घालणार. करारात लिवलंय हरणाबाई हिथं ऱ्हाणार, आन् मी सई केलीय. खाली चांदसाहेब बिचारा त्ये खरं मानून बसलाय. एवढ्या भल्या माणसाला किती दीस फसवायचं? रविवारी तुज्या बापासंगं मी येतीया. वळकटी घेऊन येणार. त्याला सांगितलंय, पोरीला गोधडी द्यायचीय.

मी दमून झोपले न्हवते गं बये. मला लय बरं वाटलं म्हणून झोप लागली.

तुला जड जाईल म्हईत हाय. एकटं ऱ्हायची तुजी हौस हाय. पर माज्या घरात ऱ्हायाचं तर आत्याला सांभाळून घ्यावं लागंल.

हरणाबाई

•

भैरोबावाडी, १७ जुलै

प्रति, आक्का आणि शिवांजली, मुक्काम कराड.

रविवारच्या तपासणीचा रिपोर्ट खालीलप्रमाणे. लाईट ओके. पाणी ओके. गॅस ओके. खाली मीटर आणि मोटर तपासून मी वर दारात पाऊल टाकलं तेव्हा दूध उतू चाललं होतं आणि गॅस बंद करायचं सोडून तुम्ही दोघी आणि त्या तांबोळीणबाई टाळ्या वाजवत होता. ही बेशिस्त नोंद केलेली आहे. तरीही शिवांजली पास. कोरेगावकरांना नकार कळवला. ऑर्डर दिली होती, ऑर्डर पाळली.

परंतु आक्का राहणार, हे ऑर्डरमध्ये नव्हतं. संध्याकाळी गाडी सुटताना मी जागा धरून 'आक्का, चल' म्हणतोय आणि ती खाली उभी राहून हात हलवतेय! धुळा कंडक्टर सगळ्या गाडीदेखत म्हणाला, 'हवालदार, टपाल पोचलं, बसा आता.'

इथली परिस्थिती. सोमवारी गॅस संपला. बुकिंगचा नंबर कुठं लिहिलाय ते सापडत नाही. मोटर लावली तर पाणी घरात यायच्या ऐवजी गोठ्यात गेलं, म्हैस उभ्या उभ्या अंघोळ करून मोकळी. फ्रंटवर असताना दीडशे माणसांचा लंगर सांभाळलाय, पण तेव्हा हाताखाली स्वैपाकी होते हे आत्ता लक्षात येतंय. चार दिवस बिस्किट आणि केळी चालू आहेत. मीठ कुठं असतं?

शिवे, तू तिथं राहा. माझी काही हरकत नाही, उलट अभिमान आहे, एवढं लिहून देतो. पण माझी बहीण परत पाठव. घर फार मोठं वाटतंय.

सोबत डबा रिकामा पाठवतोय. भरून यावा ही विनंती.

आकाराम

•

कराड, १८ जुलै

आकाराम, तुला लय आशीर्वाद.

तुजी चिठ्ठी शिवीनं मोठ्यांदा वाचून दाखवली. म्हशीपतूर आमी हसलो. शेवटचं ऐकताना मी पदर डोळ्याला लावला. तू वाईट माणूस न्हाईस रं. तुज्यावर राग धरून मी आले न्हाई.

मीठ फळीवर, चहाच्या डब्याच्या मागं. गॅसचा नंबर देवघराच्या दाराला आतनं खडूनं लिवलाय. मोटर लावायच्या आधी मोरीपल्याडची चावी फिरवायची, मंग पाणी घरात येतंय. ह्ये मी बारा वर्सं रोज करत हुते. तुला दिसायचं न्हाई, कारण तू उठायच्या आधी व्हायचं.

डबा आज भरून धाडलाय. पिठलं हाय, भाकरी हाय, वांग्याचं कालवण हाय. उद्यापासनं न्हाई. दर रविवारी हिकडं जेवायला येत जा. रशीदानं बी आवतण दिलंय, जीनतला बघायला पाव्हणं येणार हायेत, बापई माणसांत बसाय तू लागशील.

माजं म्हणशील तर येईन की परत, का येणार न्हाई? घर हाय माजं त्ये. पर तुजीच रीत तुला लावते. लाईट, पाणी, गॅस, तिन्ही तुज्या एकट्याच्या हिमतीवर चालू दिसलं पायजे. भाकरी फुगल्याली पायजे. मी सोता तपासायला येणार.

पोरीला तू महिना दिला हुतास. तू बापई माणूस हायस, तुला दिवाळीपतूर देते.

हरणाबाई